लावणाऱ्याचा फोटो निघतो, राखणाऱ्याचं काय?

परवा रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही सहा जण स्टँडसमोरच्या वडाखाली जमलो होतो. सोबत पक्कड, कटावणी, एक शिडी आणि डालड्याचं रिकामं डबडं. काम एकच, खोडातले खिळे काढायचे. नऊ वाजेपर्यंत डबडं भरलं. क्लासच्या पाट्यांचे खिळे, मूळव्याधीच्या दवाखान्याच्या पत्र्याचे खिळे, भाऊ-दादांच्या वाढदिवसाचे, गेल्या दोन निवडणुकांचे. काही खिळे सालीच्या इतके आत गेलेले की त्यावर पाटी कुणाची होती हे आता फक्त झाडालाच ठाऊक. ते आम्ही तसेच ठेवले. उकरून काढले तर जखम आणखी मोठी होते.

तेवढ्यात फिरायला निघालेले एक ओळखीचे गृहस्थ थांबले. म्हणाले, "काय पत्रकार, बातम्या संपल्या काय?" मी हसलो. मग ते म्हणाले, "अहो, खिळे काढत बसण्यापेक्षा पाचशे रोपं लावा की. फोटो तरी येईल पेपरात."

हे वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून ही पोस्ट. मोठी आहे, चहा घेऊन बसा.

कारण त्यांचं अगदीच चुकीचं नव्हतं. बावीस वर्षं तालुक्याच्या गावात बातमीदारी करतोय. वृक्षारोपणाच्या बातम्या किती लिहिल्या त्याला गणती नाही. दर जुलैला तेच पाहुणे, तोच टिकाव आणि बऱ्याचदा खड्डाही तोच. पण लावलेलं झाड दहा वर्षांनी कसं आहे, याची बातमी मी एकदाही लिहिली नाही. झाड लागलं की बातमी, झाड पडलं की बातमी. मधली पन्नास-शंभर वर्षं झाड नुसतं उभं असतं, आणि उभ्या झाडाला बातमीमूल्य नसतं, असं आम्हाला डिप्लोमाला कुणी शिकवलं नव्हतं, तरी आम्ही शिकलो.

आपल्या झाडांचा इतिहासही असाच लिहिला गेलाय. लावणाऱ्याचं नाव राहतं, तोडणाऱ्याचंही राहतं. राखणाऱ्याचं राहत नाही.

अगदी मागे जाऊ. सम्राट अशोकाच्या स्तंभलेखात उल्लेख आहे, की माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून रस्त्याकडेला वड लावले, आमराया लावल्या, विहिरी खोदल्या. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. पण त्या वडांना पहिले चार उन्हाळे पाणी कुणी घातलं, हे दगडावर कोरलेलं नाही.

मग आपल्याकडे येऊ. झाडांविषयी शिवाजी महाराजांचं म्हणून एक पत्र दरवर्षी व्हॉट्सॲपवर फिरतं. तो मजकूर मुळात रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'तला आहे, १७१५ च्या सुमाराचा. महाराजांच्या राज्यकारभाराची रीत पुढच्या पिढीला सांगावी म्हणून अमात्यांनी तो लिहिला. विषय आरमाराचा आहे. जहाजांना लाकूड लागतं, ते कुठून आणायचं? अमात्यांचं म्हणणं असं, की सागवान वगैरे लागेल ते परवानगीनं तोडावं, कमी पडलं तर बाहेरून विकत आणावं, पण आंबा-फणसाला हात लावू नये. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती पोटच्या पोरासारखी वाढवलेली असतात. फार जीर्ण झालेलं झाड घ्यायचंच असेल, तर धन्याची समजूत काढून, त्याला मोल देऊन घ्यावं.

हा उतारा आपण 'झाडं तोडू नका' एवढ्यासाठीच वापरतो. मला त्यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. झाडाची किंमत त्याच्या लाकडावर ठरवलेली नाही. कुणीतरी ते बरीच वर्षं सांभाळलंय, त्या सांभाळण्यावर ठरवलीय. तीनशे वर्षांपूर्वीच्या सरकारी कागदात राखणाऱ्याची एवढी दखल आहे.

पुढे इंग्रजांचे रस्ते आले. आपल्याकडचे जुने वड, चिंचा, लिंब बरेचसे त्या काळातले. वाई-सुरूर रस्त्यावरून गेला असाल तर वडांची ती कमान पाहिली असेल. झाडांवर पांढरा-गेरूचा पट्टा आणि नंबर. चिंचांचा लिलाव व्हायचा, त्याची नोंद व्हायची. म्हणजे झाड ही सरकारी दप्तरातली मालमत्ता होती, आणि मालमत्ता म्हटली की राखणदार आला. तो राखणदार म्हणजे मैलकुली.

हा शब्द आता तरुण पोरांना माहीत नसेल. बांधकाम खात्यात रस्त्याच्या ठरावीक तुकड्यावर नेमलेला मजूर. खड्डे भरायचे, साइडपट्ट्या नीट ठेवायच्या, गटारं काढायची आणि रस्त्याकडेच्या रोपांना पाणी घालायचं. आमचे चुलत आजोबा मैलकुली होते. ओढ्यातून कावडीनं पाणी आणायचे. रोपाभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण, उन्हाळ्यात आळ्यात पालापाचोळा. बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी जनावरांसाठी या वडांचा पाला ओरबाडून नेला. आजोबा कुणाला अडवू शकले नाहीत. "गुरं मरत होती, बोलणार काय?" म्हणायचे. पण पाऊस पडल्यावर मोडक्या फांद्या त्यांनी एकेक करून साफ केल्या. त्यांचा फोटो घरात एकच आहे, तोही रेशनकार्डावरचा.

मैलकुली हळूहळू कमी होत गेले. रस्त्याची कामं ठेक्यावर गेली. ठेक्याच्या कागदात डांबराची जाडी असते, झाडाचं आळं नसतं.

स्वातंत्र्यानंतर आपण लावण्यावर भर दिला. १९५० च्या जुलैत केंद्रीय मंत्री क. मा. मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला. हेतू चांगलाच होता. मग आकडे वाढत गेले. आपल्या राज्यात २०१६ ला एका दिवसात २ कोटी रोपांचं उद्दिष्ट होतं, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी आणि २०१९ ला ३३ कोटी. त्यांतली जगली किती, यावरून विधिमंडळात चौकशी समितीपर्यंत विषय गेला. मी राजकारणात शिरत नाही. एवढंच सांगतो, की कोटीत लावता येतं, कोटीत राखता येत नाही. राखणं एकेका झाडाचंच असतं.

दुसरीकडे झाडं वाचवण्याची आंदोलनं झाली. १७३० मध्ये राजस्थानात खेजडलीला अमृतादेवी आणि बिश्नोई समाजाच्या ३६३ जणांनी खेजडीच्या झाडांसाठी प्राण दिले. १९७३ ला गढवालमध्ये चिपको सुरू झालं, १९७४ ला रैणी गावात गौरादेवी आणि गावच्या बायका झाडांपुढे उभ्या राहिल्या. १९८३ ला शेजारच्या कर्नाटकात अप्पिको झालं. आणि २०१९ च्या ऑक्टोबरात मुंबईत आरेत, सर्वोच्च न्यायालयानं थांबवेपर्यंत दोन हजारांवर झाडं पडलीसुद्धा होती. या सगळ्यांपुढे मान झुकते. पण हा इतिहास कुऱ्हाडीसमोर उभं राहण्याचा आहे. कुऱ्हाड परत गेल्यावर काय?

हा प्रश्न आपल्याच भागानं विचारला. सांगली जिल्ह्यातलं भोसे आठवा. यल्लम्मा देवीच्या मंदिराजवळचा तो वड, लोक चारशे वर्षांचा म्हणायचे. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड येत होता. २०२० च्या जुलैत, कोरोनाच्या दिवसांत, लोक झाडाभोवती उभे राहिले. आदित्य ठाकरेंनी पत्र लिहिलं, नितीन गडकरींनी लक्ष घातलं आणि महामार्गाची आखणी बदलली. तेव्हा मीही 'वटवृक्ष वाचला' असं लिहून मोकळा झालो. दोन वर्षांनी, २०२२ मध्ये, तो वड कोसळला. त्या दिवशी बातमी लिहिताना हात जड झाला होता. कुऱ्हाडीपासून वाचलं म्हणजे झाड वाचलं, असं नसतं.

आता आपल्या वडाकडे येतो. इथून पुढे कबुलीजबाब आहे.

बारा-तेरा वर्षांपूर्वी स्टँडसमोरच्या चौकाचं सुशोभीकरण झालं. वडाभोवतीचा मातीचा जुना पार पाडला. त्या जागी काँक्रीटचा गोल कट्टा, वर ग्रॅनाइट, भोवती पेव्हर ब्लॉक. ब्लॉक थेट खोडापर्यंत नेऊन भिडवले. त्याची बातमी मी लिहिली होती. शीर्षक होतं, 'गावाच्या वैभवात भर'. कात्रण अजून आहे माझ्याकडे.

वैभवात भर पडली, वडाच्या मुळांवरही पडली. झाडाची मुळं पाताळात जातात असं आपल्याला वाटतं. खरं म्हणजे अन्नपाणी घेणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच असतात, आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. त्यांना पाणी लागतं तशी हवाही लागते. वर काँक्रीट ओतलं, रोलर फिरवला, की मातीतल्या पोकळ्या दाबल्या जातात आणि मुळं गुदमरतात. झाड लगेच मरत नाही. पाच वर्षं, दहा वर्षं काढतं. शेंड्याकडून फांद्या वाळायला लागतात, पानं बारीक येतात, मग कीड आणि बुरशी येते. आपण म्हणतो, कीड लागून मेलं. म्हातारं माणूस उपाशी ठेवायचं आणि सर्दीनं गेलं म्हणायचं, तसं.

यावर निकाल आहे बरं का. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीबाबत आदेश दिला, की झाडाभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढा, पाट्या, खिळे, वायरी उतरवा. आणि आपल्या राज्यात १९७५ पासून नागरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. त्यात झाड 'तोडणे' म्हणजे नुसतं कापणं नाही. जाळणं किंवा कोणत्याही प्रकारे इजा करणंही त्यात येतं. दर पाच वर्षांनी झाडांची गणना करायची आहे. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरच्या झाडाला 'प्राचीन वृक्षा'चा दर्जा दिला. म्हणजे आपला वड कायद्यानं 'प्राचीन' आहे, आणि त्याच्या अंगावर 'दहावीनंतर काय?' अशी पाटी होती.

आता दुसरी कबुली. चार वर्षांपूर्वी वडाच्या खोडातली ढोली आम्हाला दिसली. माणूस हात घालील एवढी. आम्हा सात-आठ जणांना वाटलं, काहीतरी केलं पाहिजे. वर्गणी काढली, सिमेंट-खडी आणली, ढोली गच्च भरली, वरून ऑइल पेंट मारला. पुढाकार माझा. फोटो माझा. बातमीही मीच लिहिली, 'वृक्षप्रेमींनी दिले जीवदान'.

पुढच्याच पावसाळ्यात सिमेंट आणि खोड यांच्यामध्ये फट पडली. त्यातून काळं पाणी झिरपायला लागलं, मग बुरशीच्या छत्र्या आल्या. आमच्यात एक बीएस्सी ॲग्री झालेली मुलगी आहे, द्राक्षवाल्या मामांची भाची. तिनं ते पाहिलं आणि म्हणाली, "काका, रागावू नका, पण ही चूक शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत करून झालीय."

मग तिनं जे सांगितलं, त्यावरून मी वाचत गेलो. अमेरिकेत ओहायोमध्ये जॉन डेव्ही नावाचा एक मूळचा इंग्रज माळी होता. १९०१ मध्ये त्यानं 'द ट्री डॉक्टर' हे पुस्तक काढलं. झाड आजारी पडतं, त्याच्यावर उपचार करायचे असतात, हा विचार त्यानं लोकांत नेला. फार मोठं काम. पण त्या काळी ढोली सिमेंटनं भरण्याची पद्धत रूढ झाली, दातात चांदी भरतात तशी. पुढे कळलं, की झाड वाऱ्यावर हलतं, सिमेंट हलत नाही. दोन्ही एकमेकांवर घासतात, आत ओल कोंडते, कूज वाढते. ती पद्धत सोडून दिली गेली.

मग ॲलेक्स शायगो आला. अमेरिकेच्या वनखात्यातला शास्त्रज्ञ. त्यानं हजारो झाडं चेनसॉनं उभी चिरून आत पाहिलं. १९७७ च्या सुमारास त्यानं मांडलं ते असं, की माणसाची जखम भरते, झाडाची भरत नाही. झाड जखमी भाग आतून भिंती घालून वेगळा पाडतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवत पुढे जातं. जुनी जखम आत तशीच राहते. त्या भिंती फोडल्या, म्हणजे ढोली खरवडून स्वच्छ केली किंवा फांदी खोडाला लावून साफ कापली, की कूज नव्या लाकडात शिरते. आणि वरून रंग मारून कूज थांबत नाही.

यावर आमच्यात वाद झाला. द्राक्षवाले मामा म्हणाले, "मी तीस वर्षं बोर्डो पेस्ट लावतोय. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. ते काय खोटं?" भाची म्हणाली, "मामा, बोर्डो खोटं नाही. पण ते सालीवरच्या बुरशीसाठी. शंभर वर्षांच्या लाकडाच्या आत पोचत नाही ते." मामा तासभर बोलले नाहीत. मग मीच बोर्डोची गोष्ट काढली, कारण ती द्राक्षवाल्यांना आवडते. फ्रान्समध्ये बोर्डो भागात रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षं वाटसरू तोडायचे. म्हणून शेतकरी त्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडायचे, विषारी दिसावं म्हणून. १८८२ मध्ये मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं, की बाग केवड्यानं गेलीय, पण रस्त्याकडेच्या वेली हिरव्या आहेत. चोरांसाठी केलेला उपाय औषध निघाला! १८८५ ला त्यानं तो जगापुढे मांडला. मामा हसले आणि म्हणाले, "म्हणजे निरखून पाहणं महत्त्वाचं, होय ना?" होय. तेवढंच.

निरखून पाहणाऱ्यांची उदाहरणं आपल्या देशातही आहेत. तेलंगणात महबूबनगरजवळ पिल्ललमर्री नावाचा वड आहे, सातशे वर्षांचा सांगतात. वाळवीनं पोखरल्यामुळे त्याची मोठी फांदी पडली. २०१८ मध्ये तिथं सलाईनच्या बाटल्या लटकवून कीटकनाशकाचं पातळ द्रावण थेंबथेंब खोडात सोडलं. फांद्यांना खालून आधार दिले. दवाखान्यातल्या पेशंटसारखा वड, असे फोटो तेव्हा देशभर छापून आले होते.

आणि कोलकात्याजवळ शिबपूरच्या वनस्पती उद्यानातला तो प्रचंड वड. १८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांत त्याला इजा झाली, मुख्य खोडात बुरशी शिरली. १९२५ मध्ये मुख्य खोड कापून काढावं लागलं. गंमत बघा, मूळ खोड नाही आणि झाड अजून जिवंत आहे, पारंब्यांच्या हजारो खोडांवर. वडाचा विमा म्हणजे पारंबी. आणि आपण काय करतो? डोक्याला लागतात म्हणून, केसांच्या तेलाला पाहिजेत म्हणून, टेम्पोच्या टपाला घासतात म्हणून पारंब्या छाटतो. म्हाताऱ्याची काठी काढून घ्यायची आणि मग म्हणायचं, तोल गेला.

तोल गेलाच. गेल्या वर्षी मे महिन्यात वळवाच्या वाऱ्यात आपल्या वडाची एक फांदी रात्री पडली. खाली केळीवाल्या मावशींचा गाडा होता, त्याचा चुराडा झाला. माणूस नव्हतं, नशीब. दुसऱ्या दिवशी झाड धोकादायक म्हणून काढायची मागणी झाली. निवेदनावर सह्याही झाल्या.

बैठकीत एक जण उभे राहिले. त्यांची मुलगी रोज त्याच वडाखाली शाळेच्या बसची वाट बघते. म्हणाले, "पत्रकार, तुमचं झाडावर प्रेम आहे, माझं पोरीवर आहे. फांदी तिच्यावर पडली तर तुम्ही काय लिहिणार?" सभागृह गप्प झालं. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगतो, ते चूक बोलत नव्हते. झाड वाचवणाऱ्यांनी हा प्रश्न टाळता कामा नये. जे झाड आपण राखत नाही, ते एक दिवस खरंच धोकादायक होतं, आणि मग तोडायची मागणी करणाऱ्याला आपण वृक्षद्रोही म्हणतो.

मग केळीवाल्या मावशी उठल्या. ज्यांचा गाडा मोडला त्या. म्हणाल्या, "माझं गिऱ्हाईक त्या सावलीला थांबतं. झाड गेलं तर गाडा दुरुस्त करून मी लावू कुठं?"

शेवटी कृषी महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या एका प्राध्यापकांना बोलावलं. त्यांनी लाकडी हातोड्यानं खोड वाजवून पाहिलं, पोकळ कुठं, भरीव कुठं, खडूनं खुणा केल्या. म्हणाले, खोड पोकळ आहे, पण भोवतीचं लाकूड अजून बरंच जाड आहे. भार कमी करा, मुळं मोकळी करा, पारंब्यांना खाली आणा, आणि तोवर माणसं खाली उभी करू नका.

तसं ठरलं. बसथांबा पलीकडच्या बाजूला हलवला. लांब पसरलेल्या वाळक्या फांद्या परवानगी काढून उतरवल्या. त्याही रीतीनं: आधी खालून अर्धा काप, मग थोडं पुढे वरून काप म्हणजे साल सोलत नाही, आणि शेवटचा काप फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेर. त्या कड्यातूनच झाड जखमेवर नवं लाकूड चढवतं. ग्रॅनाइटचा कट्टा फोडला. पेव्हर ब्लॉक हातानं उचकटले, जेसीबी लावला नाही, कारण जेसीबीच्या एका फटक्यात मुळं तुटतात. खालची माती विटेसारखी झाली होती. पहारीनं भोकं पाडून त्यात शेणखत आणि पालापाचोळा भरला. आमचं सिमेंट मात्र अजून ढोलीतच आहे. प्राध्यापक म्हणाले, आता काढायला गेलात तर जास्त इजा होईल. माझी चूक तिथंच राहणार, झाडाच्या पोटात.

चार पारंब्या जमिनीकडे न्यायचं काम चालू आहे. उभा चिरलेला वेळू, त्यात माती आणि काथ्या, त्यातून पारंबी खाली सोडायची आणि ओल टिकवायची. एक पारंबी गेल्या श्रावणात जमिनीला टेकली. ती आता अंगठ्याएवढी जाड आहे. खोडाएवढी व्हायला किती वर्षं लागतील याचा हिशेब मी केला नाही. तेव्हा मी नसेन, एवढं कळतं.

वटपौर्णिमेलाही यंदा बदल झाला. आधी बायकांशी बोललो, म्हणजे माझ्या बायकोनं बोलून घेतलं, माझं कोण ऐकतंय! नायलॉनचा दोरा नको, सुती दोरा, आणि चार दिवसांनी तोही सोडायचा. कारण सालीच्या लगेच आतून पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे जातं. तिथं आवळलं की वाट अडते. तारेचं, न काढलेल्या ट्री-गार्डचंही तेच. आणि प्रत्येकीनं एक कळशी पाणी आळ्यात. फांद्या विकत आणून घरी पूजा करणाऱ्या पाच-सहा जणीही वडाकडे आल्या.

वड वाचला का? माहीत नाही. दिवाळीनंतर पुन्हा पाहणी आहे. शेंड्याला नवी पालवी आहे, दक्षिणेची एक फांदी अजून वाळतेय. 'जीवदान' वगैरे शब्द मी आता वापरत नाही.

गावाबाहेरच्या डोंगराचंही थोडं. तिथल्या देवराईत झाडं लावायची गरज नाही, ती आपली आपण उगवतात. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा जगाला त्यांचं मोल कळलं. देव राखत होता म्हणतात, पण देवाच्या नावानं गाव राखत होतं. आता फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवा लागतो, आणि त्या वर्षीची सगळी पोरवयाची झाडं जळतात. तिथलं स्वयंसेवकाचं काम म्हणजे डिसेंबर-जानेवारीत वनखात्याबरोबर जाळरेषा काढणं, म्हणजे गवताचा पट्टा साफ करणं, जेणेकरून आग पुढे सरकू नये. याचाही फोटो चांगला येत नाही. गवत नसलेली जमीन दिसते, बस्स.

तर जाता जाता, जे आपण उद्यापासून करू शकतो:

१. आपल्या दारापुढचं एक झाड निवडा. एकच. त्याच्याभोवती हातभर तरी माती मोकळी आहे का पाहा. नसेल तर नगरपालिकेला लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

२. वर दिसणारे खिळे, तारा, केबल काढा. आत गेलेले उकरू नका. पुण्यात 'आंघोळीची गोळी' या संस्थेच्या मुलांनी 'खिळेमुक्त झाडं' मोहीम काढली. ती कुठल्याही गावात करता येते.

३. बुंध्याशी कचरा जाळू नका. चहाच्या टपरीचं गरम पाणी, गॅरेजचं ऑइल बुंध्याशी ओतू नका.

४. फांदी धोकादायक वाटली तर परवानगी घ्या आणि जाणत्याकडून कापून घ्या. शेंडा उडवून झाडाचा खांब करू नका.

५. ढोली दिसली तर सिमेंट घेऊन जाऊ नका. माझी आठवण काढा.

त्या गृहस्थांना मला एवढंच सांगायचंय: रोपं लावूच, साहेब. पण आपल्या गावात आधीच लावलेली, शंभर वर्षं जगलेली झाडं आहेत. पाचशे रोपांतली किती त्या वयाला पोचतील? जे पोचलंय, त्याला आधी सांभाळू.

येत्या रविवारी, सकाळी साडेसहा, जुन्या तहसीलच्या चिंचेखाली. तिच्याभोवतीची तार बुंध्यात रुतलीय. पक्कड आमच्याकडे आहे, तुम्ही एक बादली आणा. चहा केळीवाल्या मावशींकडून आहे, असं त्यांनी स्वतःहून सांगितलंय.

कॅमेरा मी घरी ठेवून येणार आहे.